मागची पुसट जागा

१

सालेकशाहून सकाळची पॅसेंजर पकडून चंचल राहांगडाले गोंदियाला आली, ती कॅमेरा घ्यायचाच असं ठरवून. सोबत थोरली बहीण दुलारी होती. त्या घरात थोरल्या बहिणीला बाईच म्हणत, म्हणून चंचलची ती बाई. गाडी यायच्या आधीच बाईनं स्कार्फ बांधून घेतला होता, कपाळापासून हनुवटीपर्यंत, फक्त डोळे उघडे. आपल्याकडे बायका बारा महिने स्कार्फ बांधतात. कोणी वळून पाहिलं नाही.

चंचलचं सालेकशाला ब्युटी पार्लर होतं, राहत्या घराच्या पुढच्या खोलीत. नवरी सजवण्यात तिचा हात बसला होता. आमगाव-देवरीकडूनही पोरी यायला लागल्या होत्या. पण मोबाइलच्या फोटोत तिचा मेकअप पीठ फासल्यासारखा दिसे, आणि पोरी तर आधी फोटो बघून मग फोन करतात. म्हणून कॅमेरा.

दुकान छोटेलालचं. म्हातारा, सावकाश बोलणारा माणूस. त्यानं काचेच्या काउंटरवर मऊ कापड पसरलं आणि कॅमेऱ्यांच्या एकेक बॉडी, बिनलेन्सच्या, काढून ठेवल्या.

"पहले हाथ में लीजिए," तो म्हणाला. "फोटो बाद में।"

एक खेळण्यासारखी हलकी लागली. एकीची पकड चंचलच्या बोटांना पुरेना. तिसरी मात्र हातात अशी बसली, की जणू तिथंच घडवली होती. छोटेलालनं पुढं एक लेन्स अडकवून दिली, तिनं डोळा लावला. आत दुकान दिसलं, स्वच्छ, जवळ.

"ये स्क्रीन नहीं है मॅडम. अंदर आईना है. इसमें जो दिखता है, वो सचमुच का दिखता है।"

बॉडी ठरली. मग लेन्सची गोष्ट. कॅमेऱ्यासोबत येणारी किट लेन्स लावून छोटेलालनं एक फोटो काढायला लावला. त्यात अख्खं दुकान आलं. शटर, पंखा, दारापाशी बाकावर बसलेली बाईसुद्धा. पाणी प्यायला तिनं नेमका तेव्हाच स्कार्फ सोडला होता. डाव्या भुवईपासून ओठापर्यंत गेलेला कोडाचा पांढरा पट्टा, ग्लास धरलेली पांढरी बोटं, सगळं त्या छोट्या पडद्यावर लख्ख उमटलं. चंचलनं अंगठ्यानं पडदा झाकला.

एक लांबलचक लेन्सही त्यानं दाखवली. धानाच्या बांध्यांत सारस बघायला जाणारे लोक ती नेतात म्हणे. चंचलला सारसाशी काय करायचं होतं! शेवटी त्यानं एक बुटकी, डबीएवढी लेन्स काढली.

"फिफ्टी. पचास एमएम. दीदी को वहीं बैठे रहने दीजिए. आप इस फूल पे फोकस कीजिए।"

काउंटरवरच्या प्लास्टिकच्या गुलाबावर तिनं नेम धरला. खट्ट. पडद्यावर गुलाब असा उमलून आला की हात लावावा. त्याच्यामागं दुकान नव्हतं, बाक नव्हता, बाई नव्हती. नुसती दुधात कालवल्यासारखी पुसट जागा.

"देखा? पीछे का सब मिटा देती है. दुल्हन के पीछे कौन बैठा है, क्या पड़ा है, कुछ समझ में नहीं आएगा।"

चंचलच्या छातीवरचं काहीतरी उतरलं. आणि ते उतरलं हे कळताच तिचे कान तापले.

"हीच द्या," ती खाली बघत म्हणाली. "दोन्ही द्या. पण ही तर द्याच."

परतीच्या गाडीत बाईनं विचारलं, "माजा फोटो कसा आला व?"

"धुंधला आला."

"बरं झालं," बाई हसली आणि स्कार्फची गाठ पुन्हा आवळली.

२

आई गेली तेव्हा चंचल फार लहान होती. कामठ्याच्या घरात तिला वाढवलं ते बाईनं. वेण्या घातल्या, शाळेत पाठवलं, चंचल गोंदियाला पार्लरच्या कोर्सला जायचं म्हणाली तेव्हा वडिलांशी, बाबूजींशी, भांडली ती बाईच. बाईच्या अंगावर कोड उमटलं ते लग्न ठरल्यावर. सोयरीक मोडली, पुन्हा कोणी विचारलं नाही. पुढं चंचलचं लग्न झालं, तिचा नवरा ओमेश्वर रायपूरकडं रस्त्याच्या कामावर राहू लागला, तेव्हा चंचलनंच बाईला सालेकशाला आणलं. "तुह्याबिगर मले जमत नाई," म्हणाली होती, आणि ते खरंही होतं. पातळाच्या निऱ्या बाईसारख्या कोणाच्या पडत नसत.

मग थंडीत एकदा एक नवरी आली. बाई तोंडात पिना धरून तिच्या निऱ्या बसवत होती. नवरीच्या आईनं चंचलला बाजूला घेतलं आणि हलक्या आवाजात म्हणाली, "त्यायले जरा आत पाठवा ना. शुभ काम हाये."

चंचल म्हणू शकली असती, कोड काही उडून लागत नाही. तिला ते पाठ होतं. ती म्हणाली, "बाई, चहा पाहतं का जरा?"

बाईनं तोंडातल्या पिना एकेक करून काढल्या, डबीत ठेवल्या आणि आत गेली. तेव्हापासून फाटकाची कडी वाजली की ती आपणहून आत जाई. पण पार्लरच्या दोन्ही भिंतींना आरसे होते. कुठूनही फोटो काढला की कोणत्यातरी आरशात स्वयंपाकघराचं दार यायचं आणि दारात बाई.

फिफ्टीनं तो प्रश्न सोडवला.

घरी पहिला फोटो चंचलनं केसांचा टोप घातलेलं प्लास्टिकचं डोकं ठेवून काढला. तिनं नेम धरला, तेवढ्यात बाई स्टीलचा ट्रे घेऊन दारात आली आणि म्हणाली, "चहा ठेवू का इथं?" खट्ट झालं.

पडद्यावर टोपाचा केस न् केस दिसत होता. मागं दाराचा हिरवा पडदा विरघळला होता. त्या हिरव्यात, कमरेच्या उंचीवर, ट्रेचा एक गोल चकाकता ठिपका होता.

ट्रेच्या मागं दाराचा पडदा होता. ट्रेच्या वरही पडदाच होता.

३

चंचल काही खुळी नव्हती. तिनं विचार केला. धूसर झालं की रंगात रंग मिसळतो, हे तर दुकानातही दिसलं होतं. बाईचं पातळ हिरवं असेल. तिनं मान वळवून पाहिलं. बाईनं पिवळं नेसलं होतं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या सुशिलाबाई भुवया करायला आल्या, तेव्हा तिनं सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "जरा त्या दारात उभ्या रहा ना. कॅमेरा पाहून राहिली." सुशिलाबाई पदर सावरून उभ्या राहिल्या. फोटोत त्या बरोबर आल्या. जांभळा लोळा, वर गव्हाळ ठिपका, माणूस आहे एवढं कळण्यापुरता.

सुशिलाबाई गेल्यावर बाई दारात बसून टॉवेलांच्या घड्या घालत होती. चंचलनं न सांगता फोटो काढला. टॉवेल आले. घडी पडलेले, पांढरे, एकावर एक. एक टॉवेल जमिनीपासून वर होता आणि मधोमध मोडलेला होता. त्याला धरून काही नव्हतं.

भर दुपार होती. बाहेर रेल्वेच्या पटरीपलीकडं कोणीतरी बैल हाकत होतं.  चंचल भ्याली, यात खोटं काही नाही. पण त्या भीतीच्या पाठोपाठ तिच्या मनात आणखी एक गोष्ट आली, शांतपणे, दाराशी चप्पल काढून घरचं माणूस आत यावं तशी: नाहीतरी फोटोत यायला नकोच होती ना ती.

हा विचार आपलाच आहे हे तिला ओळखता आलं. तिनं कॅमेरा पिशवीत घातला आणि पुष्कळ वेळ बाईच्या तोंडाकडं पाहू शकली नाही.

तरी लेन्स तिनं बदलली नाही. नवरीमुलींचे फोटो सुंदर येत होते, काळोखातून उजेडात आल्यासारखे चेहरे. पोरी ते एकमेकींना पाठवत. फोन वाजायला लागला. आता बाई आत गेली काय आणि बाहेर राहिली काय, फरक पडत नव्हता. गिऱ्हाइकांपैकी कोणीच तिच्याबद्दल कुजबुजेना. चंचलला वाटलं, लोक सुधारले.

४

ओमेश्वर सुट्टीला आला, की येताना आमगावच्या स्टँडवरून गरम समोसे आणायचा. बाईला समोसा आवडतो म्हणून ही रीत त्यानंच पाडली होती. त्या रविवारी त्यानं पुडा सोडला, दोन बश्या मांडल्या, एक चंचलपुढं सरकवली आणि खायला लागला.

बाई दाराला टेकून उभी होती.

"बाईले?" चंचल म्हणाली.

"काय?"

"बाईले नाई आणले?"

ओमेश्वरनं दाराकडं पाहिलं. उन्हातून घरात आलेला माणूस जसा डोळे बारीक करून चाचपडतो तसे त्याचे डोळे चौकटीवर, पडद्यावर, परत चौकटीवर फिरले. मग सापडल्यासारखं झालं. तो ताडकन उठला.

"अरे हाव, बाई! पाहा ना, डोक्यातूनच गेलं." त्याचं तोंड उतरलं होतं. त्यानं आपली बशी तिच्यापुढं धरली. "हे घ्या. मले भूकच नाई."

बाईनं अर्धा समोसा घेतला. ओमेश्वर दिवसभर नजर चुकवत फिरला. निघताना त्यानं चंचलला हळूच विचारलं, "मले काई झालं तं नाई ना? डोळे दाखवू काय गोंदियाले?"

त्यानंतर एका सकाळी सुशिलाबाई अंगणात येऊन पायरीवर बसल्या. ओसरीत बाई सुपानं तांदूळ पाखडत होती. फट फट, फट फट. बायका बोलतात तशा सुशिलाबाई पाण्याबद्दल बोलल्या, सुनेबद्दल बोलल्या. मग म्हणाल्या, "बाई कामठ्याले गेली काय? बहुत दिवस झाले दिसली नाई."

सूप थांबलं. मग पुन्हा सुरू झालं, जरा हळू.

"असं काऊन म्हणता?" चंचल कशीबशी हसली. "इथंच तं हाये."

"हाव काय!" सुशिलाबाई ओशाळल्या, वळल्या, आणि मोठ्या मायेनं म्हणाल्या, "कशी हास व दुलारी? तब्येत बरी ना?"

त्या ओसरीच्या खांबाशी बोलत होत्या.

"बरी हाये," बाईनं खांबापासून दोन हात दूर बसून उत्तर दिलं. सुशिलाबाईंनी मान हलवली, पण ती उत्तर ऐकल्यासारखी नव्हे. विचारायचं ते विचारून झालं, अशी.

५

घर कसं वाजतं हे घरातल्या माणसाला कळत नाही, वाजायचं थांबलं की कळतं. बाईच्या बांगड्या, तिचं खाकरणं, ओल्या पायांचा फरशीवरचा चपक चपक आवाज. चंचल पुढच्या खोलीत काम करता करता कान देई. आवाज होते, पण भिंतीपलीकडून यावेत तसे. कधी कधी तिला वाटे, आपण ऐकत नसून आठवत आहोत.

शेवटी संध्याकाळचा चहा घेताना बाईनंच विषय काढला.

"दूधवाला आता एकच माप टाकते. मी बर्तन धरलं तरी तो खालीच ठेवून जाते."

चंचल चहावरची साय बोटानं बाजूला करत राहिली.

"तुह्या कॅमेऱ्याले घाबरून राहिली काय तू? मी पाहिले ते फोटो."

चंचलनं कप खाली ठेवला. "कधी?"

"तू आंघोळीले गेली तवा. टॉवेल आला, ट्रे आला, मी नाई आली." बाई अगदी भाजीच्या चवीबद्दल बोलावं तशी बोलत होती. "त्या कॅमेऱ्यानं काई होत नाई व. लोकं आधीपासूनच असेच पाहत. समोर आली की नजर अशी बाजूनं काढून नेत. मेहनत घ्या लागे त्यायले. आता तेवढी मेहनत घ्या लागत नाई, बस."

"बाई, मी ते... मी मुद्दाम..."

"तुले दिसते ना मी?"

"हाव."

"मंग झालं," बाई म्हणाली आणि दोन्ही कप उचलून आत गेली.

चंचल तिथंच बसून राहिली. बाईनं विचारलं तेव्हा आपण तिच्याकडं न बघताच हो म्हटलं, हे तिच्या लक्षात आलं.

६

तिनं ठरवलं, बाईचा फोटो काढायचा. नीट, समोरून, चेहऱ्याचा. एकदा काढला की हे सगळं मिटेल. का मिटेल ते तिला सांगता आलं नसतं.

दुपारी तिनं खिडकीजवळ स्टूल ठेवलं. बाईनं तोंड धुतलं, केस नीट केले, लुगड्याचा पदर दोनदा बदलून घेतला. कॅमेऱ्यासमोर ती अशी कधी बसलीच नव्हती.

"मेकअप करून देशील?" तिनं विचारलं. मग स्वतःच म्हणाली, "नको. राहू दे. डाग झाकून फोटो कायले काढायचा!"

चंचलनं डोळा लावला. बाई दिसली. आरशातून थेट, सचमुच. पापण्या दिसल्या, पांढऱ्या पट्ट्याची कड दिसली, त्या कडेवर सांडलेले गव्हाळ ठिपके दिसले. हा चेहरा इतक्या जवळून आपण कधीपासून पाहिला नाही, असं तिच्या मनात आलं. तिनं बटण अर्धं दाबलं.

लेन्स घुर्र करून पुढं गेली. घुर्र करून मागं आली. पुन्हा पुढं. कोऱ्या भिंतीवर धरली की ती अशीच चाचपडत राहते. नेम लागला की बारीक शिटी वाजते, ती वाजेचना. समोर बाई हात मांडीवर ठेवून, ओठ मिटून, श्वास धरून बसली होती, आणि ते लहानसं यंत्र तिला शोधत होतं.

चंचलनं ऑटोफोकस बंद केला. हातानं रिंग फिरवून चेहरा जुळवला आणि दाबलं. खट्ट. आतला आरसा उचलला गेला तेवढा क्षण काळोख झाला. आरसा खाली आला, बाई तिथंच होती.

पडद्यावर स्टूल होतं. मागची भिंत होती, तिच्यावर कॅलेंडर. स्टुलावरची गादी मधोमध दबलेली होती.

तिनं लेन्स काढली, किट लेन्स लावली. अख्खी खोली येऊ दे, आरसे येऊ देत. अख्खी खोली आली. आरशांत स्टूल आलं, एका आरशातून दुसऱ्यात, लांबवर, रिकामी स्टुलंच स्टुलं.

"दाखव ना," बाई म्हणाली. तिचा आवाज लहान पोरीसारखा झाला होता. "कशी आली?"

"बॅटरी संपली," चंचल म्हणाली.

"हाव काय." बाई तशीच बसून राहिली, जरा वेळ, पुन्हा बॅटरी भरेल या आशेवर बसावं तशी. मग उठून तिनं गादी झटकली.

७

रेणूचं लग्न होतं. चिचगडकडची पोरगी, डोळे असे की काजळ भरायला मजा यावी. सोबत तिची आई देवकाबाई आणि नात्यातल्या पोरी. खोली भरून गेली होती.

चंचलनं मनाशी पक्कं केलं होतं. आता लपवायचं नाही. कॅमेऱ्यात येत नसेल तर न येवो, पण माणसांत तर आणायचीच. मेकअप झाल्यावर तिनं आत हाक मारली, मोठ्यानं.

"बाई, ये. पदर तू लाव."

बाई बाहेर आली. स्कार्फ नव्हता. सगळ्यांच्या मधून वाट काढत ती रेणूमागं गेली, तोंडात पिना धरल्या, आणि खांद्यावर पदर बसवायला लागली. निऱ्या एकावर एक अशा पडल्या की चंचलचे डोळे भरून आले. पोरी मोबाइलमध्ये बघत होत्या. रेणूनं एकदा मान आखडली. "पंखा बंद करा ना," म्हणाली. "गार लागून राहिलं मानेले."

पंखा बंदच होता.

"आता सगळ्यायचा एक फोटो," चंचल म्हणाली. किट लेन्स लावूनच ठेवली होती. "देवकाबाई, तुमी इकडं. आणि बाई, तू कोठी चालली? बस ना. नवरीच्या बाजूले बस."

बाई थबकली. तिनं चंचलकडं पाहिलं, खरंच का अशा नजरेनं. मग ती रेणूशेजारच्या स्टुलावर बसली, पाठ ताठ करून. पांढरी बोटं तिनं पदराखाली घेतली, मग काय वाटलं कोण जाणे, बाहेर काढून मांडीवर ठेवली.

"कोणाले म्हणून राहिल्या, मॅडम?" देवकाबाईंनी विचारलं.

खोली शांत झाली. रेणूनं स्टुलाकडं पाहिलं, मग आईकडं. एका पोरीनं दुसरीला कोपर मारलं. देवकाबाईंच्या चेहऱ्यावर कीव यायला लागली होती, आणि तिच्या मागं गावभर सांगण्यासारखी गोष्ट मिळाल्याची चमक. पार्लरवाली एकटीच बोलते. नवरा बाहेरगावी असते ना.

"माजी..." चंचल म्हणाली.

पटरीवरून मालगाडी यायला लागली. आरसे थरथरले, डब्यांवर डबे घरंगळत गेले, कोणाला काही बोलता येईना. ती गाडी जाईपर्यंत चंचलला वेळ होता. बाई समोर बसून वाट पाहत होती. ओठ मिटलेले, फोटोसाठी जरासे हसरे. सगळ्यांचे डोळे चंचलवर होते, आणि बाईच्या वाट्याला जन्मभर जे आलं ते आज पहिल्यांदा चंचलच्या वाट्याला आलं होतं. तिला ते गाडी जाईपर्यंतसुद्धा सोसवलं नाही.

गाडी गेली.

"कोणी नाई," चंचल म्हणाली. "असंच."

पोरी हसल्या. खोली पुन्हा बोलायला लागली.

बाईच्या चेहऱ्यावर राग आला नाही. ती स्टुलावरून उठली. लाइटच्या वायरला पाय लागू नये म्हणून लुगडं जरा वर धरलं, फ्रेमच्या कडेनं चालत चंचलच्या बाजूला आली आणि तिच्या मागं गेली. चंचलनं मागं वळून पाहिलं नाही. तिनं फिफ्टी लावली आणि रेणूचे जवळचे फोटो काढले. लेन्सनं लगेच नेम धरला. शिटी वाजली. पुन्हा वाजली. फार सुंदर फोटो आले.

८

सगळे गेल्यावर ती घरभर फिरली. स्वयंपाकघरात ओटा पुसलेला होता. मागच्या अंगणात दोरीवर टॉवेल वाळत होते. बाईचा स्कार्फ खुंटीला होता, चपला उंबऱ्याशी. "बाई," तिनं हाक मारली, पण हलकेच, सुशिलाबाईंना ऐकू जाऊ नये अशी. तेवढ्यातही तिला तेच सुचलं.

तिनं कामठ्याला फोन लावला.

"बाबूजी, बाई तिकडं आली काय?"

पलीकडं बाबूजींनी खोकून गळा साफ केला. कोंबड्यांचा आवाज येत होता.

"हाव हाव," ते म्हणाले. "बरी हाये ना ते?"

"कोण, बाबूजी?"

"आता... तूच तं सांगून राहिली," म्हातारा अडखळला. विसरल्याची लाज लपवायला माणूस जसा घाई करतो तशी घाई त्याच्या आवाजात होती. "बरी असंल. तिले काय होते." आणि फोन बंद झाला.

चंचल लॅपटॉप घेऊन बसली. हाताला काम पाहिजे होतं. खिडकीतून उन्हाचा पट्टा फरशीवर आला होता. देवकाबाईंना फोटो लगेच हवे होते, म्हणून दोन-चार तिनं तसेच पाठवून दिले, आणि उरलेले नीट करायला रेणूचा चेहरा मोठा केला. गाल, नथ, मग डोळा. चांगल्या फोटोत डोळ्याच्या बुबुळात समोरची खोली उतरते. तिथं खिडकीचा पांढरा चौकोन होता, गोल लाइट होता, आणि कोपरं बाहेर काढून कॅमेरा धरलेली काळी आकृती, ती स्वतः.

तिच्या मागं आणखी कोणी होतं. डोक्यावर पदर, जरा बुटकी.

चंचलनं पुढचा फोटो उघडला. तिथंही होती, जवळ आलेली. त्याच्या पुढच्या फोटोत ती अगदी पाठीशी होती आणि तिचा एक हात चंचलच्या खांद्यावर होता. तोंड चंचलच्या कानाकडं वळलेलं. ती काही सांगत होती की नुसतीच उभी होती, कळत नव्हतं. चंचल चित्र वाढवत गेली. चेहऱ्याचे चौकोन चौकोन झाले, काही गव्हाळ, काही पांढरे. शेवटी नुसते रंग उरले.

फोन वाजला. देवकाबाई होत्या.

"फोटो मस्त आले हो, मॅडम! सगळे विचारून राहिले कोणी काढले म्हणून. फक्त पोरीच्या डोळ्यात काईतरी डाग दिसून राहिला. बारीकच हाये. पण मोठा करून लावायचा हाये ना फोटो. तेवढा डाग काढून द्याल काय?"

"हाव," चंचल म्हणाली. विचार करायच्या आधीच म्हणाली. बोलायची सवय होती तशी म्हणाली.

तिच्या खांद्यावरून काहीतरी उठलं. इतका वेळ तिथं भार होता, कोमट, हलका, हे तिला तो उठल्यावर कळलं.

"मॅडम?" देवकाबाई विचारत होत्या. "हाव ना, मॅडम? ऐकून राहिल्या ना?"